तीस नंबरचं मशीन

"मॅडम, इथं काहीतरी थापलंय."

बिरुदेव कोळेकर टेबलाखाली वाकून संगणकाच्या डब्यावरून बोटं फिरवत होता. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. पण कोणता पोर्ट कुठे असतो हे त्याला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. त्याचं बोट नेमकं पुढच्या दोन यूएसबी पोर्टवर जाऊन थांबलं होतं.

"ते एम-सील आहे," मी म्हटलं. "पोरं पेन ड्राइव्ह घालतात, व्हायरस येतात. म्हणून बुजवलंय."

"एम-सील? नळाला लावतात ते?"

"हो."

"आणि हेडफोनचं गोल भोक?"

"तेही बुजवलंय. गाणी ऐकत बसतात."

तो जरा हसला. मग खुर्चीवर सरळ बसला आणि मांडीवरच्या पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडू लागला. स्वतःचा कीबोर्ड, त्याच्या काही बटणांवर रंगाचे उंच ठिपके चिकटवलेले. यूएसबीचा हेडफोन. आणि करंगळीएवढं एक निळं लॉक. ते लावल्याशिवाय त्याचं बोलणारं सॉफ्टवेअर तोंड उघडत नसे. चौथी वस्तू परीक्षेचे निरीक्षक बिडकर सरांनी आणून ठेवली, कॅमेरा. असलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या उमेदवारावर पूर्ण वेळ कॅमेरा हवा, नाहीतर पेपर बाद.

"चार वस्तू आहेत," बिरुदेव म्हणाला. "मागं दोनच पोर्ट लागले हाताला. मग हे लावायचं कुठं, मॅडम?"

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं तंत्रनिकेतन होतं आणि मी तिथल्या संगणक लॅबची साहाय्यक होते. वारके मॅडम म्हटलं की पोरं पायातल्या चपला हातात घेऊन आत यायची. मला नियमाची मोठी हौस. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्वतः बसून तीसच्या तीस मशीनचे पुढचे पोर्ट बुजवले होते. प्राचार्यांनी त्याबद्दल स्टाफ मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं होतं. ते मी नंतर दोन वेळा तरी घरी सांगितलं.

तो रविवार होता. एका बँकेच्या लिपिकपदाची ऑनलाइन परीक्षा आमच्या लॅबमध्ये होती. घड्याळात नऊ पंचवीस झाले होते. लॉगिन दहाच्या आत करायचं, त्यानंतर ते परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसातून बंद होत असे. आणि दहाला सगळ्यांचं घड्याळ एकदम सुरू व्हायचं, कोण तयार आहे आणि कोण नाही हे ते बघत नसे.

बिडकर सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. त्याच कंपनीचे ते माणूस, पहाटेच निघून आलेले, डोळे तांबारलेले.

"वारके मॅडम, तुम्हाला याचं पत्र यायला हवं होतं. किमान चार पोर्ट चालू ठेवा म्हणून."

"नाही आलं," मी म्हटलं.

"आवक रजिस्टर बघता का जरा?"

"ते कपाटात असतं, सर. आज रविवार, क्लार्कची सुट्टी."

त्यांनी मान हलवली आणि ते फोन लावायला बाहेर गेले. दारात बिरुदेवचे वडील उभे होते. डोक्याला पिवळसर पटका, खांद्यावर घोंगडी, हातात कापडी पिशवी. त्यांना आत यायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी उंबऱ्याच्या बाहेर पाय ठेवून नुसती मान आत घातली होती.

"बाई, काय अडचण हाय का?"

"नाही नाही. होतंय."

"त्येवढं बगा. ह्यो शेवटचाच हाय. फुडल्या म्हैन्यात वय सपतंय त्येचं. मग फारम भराय येत न्हाई."

"आण्णा, तुम्ही बसा की तिकडं," बिरुदेव मागे न वळता म्हणाला. "मॅडम बघतायत."

मी त्याला हळूच विचारलं, "लेखनिक का नाही आणलास? तुम्हाला मिळतो ना लिहायला माणूस?"

"दोन वेळा आणला होता. पहिल्या वेळी पोरगा गणितात अडकला, मी आकडे सांगतोय आणि तो बोटं मोजतोय. दुसऱ्या वेळचा हुशार होता. मी 'क' सांगितलं तरी त्याला 'ब' बरोबर वाटलं की 'ब' लिहायचा. मला कसं कळणार? बाहेर आल्यावर त्यानंच सांगितलं, दादा, सहा प्रश्न मी तुमचे सुधारले." तो परत हसला, पण हसण्यात दम नव्हता. "म्हणून या वेळी म्हटलं, चुकायचं तर आपलं आपण चुकावं."

माझ्या ड्रॉवरमध्ये एक हब होता. एका पोर्टचे चार करणारा, पांढरा, मोबाइल चार्ज करायला मी आठवडी बाजारातून आणलेला. तो बघितल्यावर मला हायसं वाटलं. आधी माउस काढून टाकला, त्याला त्याचा उपयोग नव्हता. मागच्या एका पोर्टला हब लावला आणि हबला चारही वस्तू. कॅमेऱ्याचा दिवा लागला. त्याच क्षणी कीबोर्डचे तिन्ही दिवे विझले आणि लॉकही मेलं.

"झालं काय?" बिरुदेवने विचारलं.

"लोड पेलत नाही त्याला. थांब."

कॅमेरा काढून मागच्या दुसऱ्या पोर्टला थेट लावला. आता हबवर तीनच वस्तू राहिल्या. कीबोर्ड जिवंत झाला, लॉक जिवंत झालं. बिरुदेवने हेडफोन कानाला लावला आणि त्याचा चेहरा उजळला. मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"तुटतोय आवाज. खर्र् करून थांबतोय." त्याने आणखी थोडं ऐकलं. "गेला."

मी हब फिरवून बघितला, उलटा करून बघितला. कीबोर्ड आणि लॉक एवढंच त्याला झेपत होतं. हेडफोन लावला की आवाज जायचा. म्हणजे आणखी एक खरा पोर्ट हवा होता, फक्त एक. प्राचार्यांच्या केबिनमध्ये एक धड मशीन होतं, पण ते परीक्षेच्या जाळ्यात जोडलेलं नव्हतं, आणि केबिनची किल्ली प्राचार्यांबरोबर कोल्हापूरला लग्नाला गेली होती. लॅबमधली बाकीची एकोणतीस मशीनं भरलेली. आणि रिकामी असती तरी काय? तीही मीच बुजवलेली.

नऊ बावन्न. बिडकर सर आत आले.

"लॉगिन करून घ्या आधी," ते म्हणाले. "लॉगिन झालं तर निदान पेपर उघडेल. एकदा झालं की मशीन बंद मात्र करू नका. परत चालू करायला पुण्याहून पासवर्ड लागतो आणि रविवारी तिकडे कोण फोन उचलतंय ते मी आत्ताच बघून आलो."

लॉगिन केलं. दहाला टोला पडावा तसं सगळ्या पडद्यांवर घड्याळ सुरू झालं. इतर उमेदवारांना दोन तास, बिरुदेवला चाळीस मिनिटं जास्त. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात एकशे साठ मिनिटं दिसली आणि लगेच त्यातली एक कमी झाली. ते त्याला दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

"सुरू झालं का मॅडम?"

"झालं."

तो मुकाट बसला. हात मांडीवर, कानात मुका हेडफोन. बाजूला एकोणतीस माउस टकटक करत होते.

मग मला आठवलं की हे तीस नंबरचं मशीन म्हणजे शेवटचं. त्या दिवशी इथपर्यंत येताना माझ्याकडचं सील संपत आलं होतं. पहिला पोर्ट ठासून भरला होता, पण दुसऱ्याला नुसता वरवर हात फिरवला होता. मी गुडघ्यावर बसले. मोबाइलचा उजेड पाडून बघितलं. खरंच, दुसऱ्यावर पापुद्रा होता, पापडाएवढा.

"सर, मी हा फोडते."

"चालू मशीनमध्ये?" बिडकर सर एकदम खाली वाकले. "आत पाच व्होल्ट असतात, मॅडम. लोखंड लागलं आणि मशीन बसलं तर त्याचा पेपर गेला, कायमचा."

"नाहीतरी जातोयच ना सर?" बिरुदेव म्हणाला.

ड्रॉवरमधल्या कर्कटकाचं टोक कडेला लावून मी वरून डस्टरने हलके टोले दिले. मागच्या रांगेतल्या एका मुलीने वैतागून बघितलं. सहाव्या टोल्याला पापुद्रा तडकला. वरचा तुकडा निघाला, पण आत कपचे होते, भिंतीला धरून बसलेले. कर्कटक आत घालायला माझा हात धजेना. घातलं आणि हात इतका थरथरला की मी ते परत बाहेर काढलं. पडद्यावर एकशे सेहेचाळीस.

"लाकडी काही आहे का?" बिरुदेवने विचारलं.

लॅबच्या कोपऱ्यात सरस्वतीचा फोटो होता. त्याच्यापुढे मी रोज सकाळी उदबत्ती लावायची. खाली पितळी घरात जळून राहिलेल्या काड्यांचा गठ्ठा साचला होता. मी तो आणला. पहिली काडी माझ्या हातात मोडली, दुसरीही.

"द्या इकडं," बिरुदेव म्हणाला. "तुम्ही बघत बसताय, म्हणून हात कापतोय. मला बघायचंच नाही."

तो खुर्चीवरून उतरून माझ्याशेजारी जमिनीवर बसला. दोन काड्या जुळवून त्याने टोक दाताने चपटं केलं आणि डाव्या हाताचं बोट पोर्टच्या कडेला ठेवून काडी आत सारली. कान जवळ नेला. जणू आतलं ऐकतोय. एक कपचा निघाला, त्याने तो अंगठ्यावर घेऊन चाचपला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. दाराशी आण्णा घोंगडीचं टोक मुठीत धरून उभे होते. मी त्याच्या डोक्यावरून पडद्याकडे बघत होते. एकशे एक्केचाळीस. चाळीस. एकोणचाळीस. त्याचं घड्याळ, त्याची परीक्षा, आणि तो माझी घाण उकरत बसला होता. मी तेव्हा त्याला फक्त एवढंच विचारू शकले, "पाणी देऊ का?"

"नको. हेडफोन द्या."

त्याने हेडफोनची पिन लावून बघितली. अर्धी जाऊन अडली. परत काडी, परत एक बारीक कपचा, तीळभर. मग पिन आत गेली. त्याने हेडफोन कानाला लावला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. काहीच नाही. आणि मग त्याच्या ओठांच्या कडा हलल्या.

"बोलतंय," तो कुजबुजला. "प्रश्न क्रमांक एक."

पडद्यावर एकशे चौतीस मिनिटं उरली होती. तो खुर्चीवर चढून बसला, हात पँटला पुसले आणि त्याची बोटं ठिपक्यांवरून धावायला लागली. मी भिंतीला टेकले. बिडकर सरांनी माझ्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं. "शाब्बास मॅडम," ते म्हणाले. "दुसरं कोणी असतं तर हात वर केले असते." खरं सांगते, मला फार बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

साडेअकराला बिडकर सरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. त्यांच्या हातात एक छापील फॉर्म होता.

"त्याचा वेळ गेला त्याचं काय करायचं?" ते म्हणाले. "हे बघा. इथे दोन चौकोन आहेत. 'केंद्राकडून तयारीत त्रुटी' किंवा 'तांत्रिक बिघाड'. केंद्राची त्रुटी असं तुम्ही लिहून सही दिलीत, तर गेलेला सगळा वेळ मी आत्ता वाढवून घेऊ शकतो. पुण्याला फॅक्स केला की झालं, फोन कोणी उचलत नसलं तरी वेळ वाढवणारा माणूस सर्व्हरपाशी आहे. बाराच्या आत मात्र. तांत्रिक बिघाड लिहिलंत तर वाढवून मिळत नाही, तसा नियमच आहे."

"आणि त्रुटी लिहिली तर केंद्राला काय होतं?"

"खोटं कशाला सांगू? चौकशी होते. प्राचार्यांना नोटीस जाते. वर्षभर केंद्र बंदही करतात कधी कधी." त्यांनी पेन पुढे केलं. "पण पत्रच आलं नाही म्हणताय तुम्ही. मग त्यात तुमची चूक नाही. मी आग्रह करत नाही. काय खरं असेल ते लिहा."

पत्र आलं होतं.

आठ दिवस आधी आलं होतं. त्यात उमेदवाराचं नाव होतं, चार वस्तूंची यादी होती, 'किमान चार पोर्ट चालू ठेवावेत' असं ठळक अक्षरात होतं. मी पहिली ओळ वाचली, 'अंध उमेदवार', आणि मनाशी म्हटलं, लेखनिक येईल, नेहमी येतो. पुढचं वाचलंच नाही. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात 'पाहिले' लिहून सही करायची पद्धत होती. मी 'पाहिले' लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि कागद फाइलला लावला. सकाळी बिडकर सरांनी विचारलं तेव्हा ती फाइल त्यांच्यापासून चार हातांवर होती.

माझी नोकरी अकरा महिन्यांच्या ऑर्डरची होती. दर जूनला ती नव्याने निघायची आणि दर मे महिन्यात माझी झोप उडायची. प्राचार्यांनी मला त्या वर्षी कायम करण्यासाठी नाव पाठवलं होतं. हे सगळं मी स्वतःला त्या व्हरांड्यात सांगितलं. पण ती कारणं मी नंतर जुळवली असंही वाटतं. त्या वेळी मी नुसती घाबरले होते. आणि मनात हेही आलं की एवढी धडपड करून त्याला पेपर मिळवून दिलाच आहे की आपण, आणखी किती करायचं?

मी दुसऱ्या चौकोनात खूण केली. सही केली. हात अजिबात थरथरला नाही.

बारा चाळीसला बिरुदेव बाहेर आला. कपाळावर घाम, कानांवर हेडफोनचे लाल वळ.

"सदुसष्ट सोडवले, मॅडम," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा सगळे माझे मीच. एकानंही सुधारले नाहीत."

आण्णांनी कापडी पिशवीतून चार डाळिंबं काढून माझ्यापुढे धरली. "आमच्या शेतातली हाईत. न्हाई म्हणू नगा. तुमी व्हता म्हणून झालं बगा."

मी घेतली. नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. माझा नंबर त्याने बिडकर सरांकडून मिळवला होता. चार मार्कांनी गेलं होतं. "असू दे," तो म्हणाला, "तुम्ही केलं ते कोण करतं? म्हणून सांगायला फोन केला." त्यानंतर दर दिवाळीला त्याचा फोन येत राहिला. जत रोडला त्याने मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. लग्न झालं, मुलगी झाली. आण्णा गेले तेही त्यानेच सांगितलं. दर वेळी बोलणं संपताना ठरलेलं वाक्य असे, मॅडम, तुम्हाला विसरणार नाही. मी तीन वर्षांत कायम झाले. पाडव्याच्या दिवशी फोन वाजला की वाटायचं, उचलू नये, तरी मी दर वर्षी उचलायची आणि गोड बोलायची.

गेल्या दिवाळीला मला ते वाक्य ऐकवेना. तो "मॅडम, तुम्हाला" एवढंच म्हणाला आणि मी मध्येच बोलायला लागले. पत्र आलं होतं हे सांगितलं. फॉर्मचंही सांगितलं, दोन चौकोन, बाराची वेळ, माझी सही. वेळ परत मिळत होता आणि मी तो मागितला नाही, हे अगदी याच शब्दांत सांगितलं. मागे दुकानात कुणीतरी नाणी वाजवत होतं.



"किती वेळ मिळाला असता?" त्याने विचारलं.

"वीस-बावीस मिनिटं असेल," मी म्हटलं. एवढं सगळं सांगितल्यावरही मी ती चार मिनिटं खाल्ली.

"सव्वीस, मॅडम. माझं घड्याळ बोलतं." त्याचा आवाज चढला नव्हता, हिशेब मांडावा तसा सरळ होता. "दोन मिनिटांत एक प्रश्न होतो माझा. तेरा प्रश्न झाले असते."

"बिरुदेव, मी..."

"थांबा, गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. फोन त्याने बंद केला नाही, नुसता काउंटरवर ठेवला. मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. नंबर सांगा, किती रुपयांचा मारू, थांबा हं, आला का मेसेज. मी कानाला फोन लावून उभी राहिले. ते गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं, मग तिसरं. त्याने फोन परत उचलला नाही.